कट्टी-बट्टीची वही

आमच्या लहानपणी खेळगड्यांची नोंद ठेवायला वही लागत नसे. वाड्यात मुले पंधरा-वीस. कोण रडीचा डाव खेळतो, कोण चिडका बिब्बा आहे, राज्य आले की नेमकी कोणाला घरून आईची हाक ऐकू येते, हे सर्वांना तोंडपाठ असे. बिनसले की कट्टी. कट्टी चालू असताना काही सांगायचेच झाले, तर समोर उभ्या असलेल्या माणसाला तिसऱ्याकरवी निरोप: ‘त्याला सांग, माझा भोवरा परत दे म्हणावं.’ ही कट्टी फार तर दोन दिवस टिके. दिवाळीचा किल्ला सुरू झाला की माती कालवायला हात कमी पडत, आणि मग बट्टी केल्याशिवाय गत्यंतर नसे.

हा सारा कारभार तोंडी चाले, कारण गडी रोजचे होते आणि अंगण एकच होते. पुढे हजारो मैलांवरची, एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे संगणकाच्या पडद्यावर एकत्र खेळू लागली, तेव्हा ही कट्टी-बट्टी यंत्राला शिकवावी लागली. ती कशी शिकवली आणि शिकवताना काय काय गळून पडले, याची हकीकत मला सांगायची आहे. तीत माझाही एक जुना हिशेब आहे. तो ओघाने येईल.

या जातीच्या खेळांचे एक मूळपीठ इंग्लंडात, एसेक्स विद्यापीठात आहे. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तेथील मोठ्या संगणकावर ‘मड’ नावाचा खेळ लिहायला घेतला आणि पुढे त्याचा सोबती रिचर्ड बार्टल याने तो पुरा केला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर नुसती अक्षरे. ‘तू एका अरुंद वाटेवर उभा आहेस’ असे संगणकाने सांगायचे आणि कोणीकडे जायचे ते आपण टंकायचे. नवल इतकेच की, त्याच वाटेवर दुसरे जिवंत माणूसही उभे असे. येथे गडी थोडे, म्हणून ओळखही वाड्यातलीच. जे खेळून खेळून शेवटच्या पायरीला पोचत त्यांना ‘विझर्ड’ म्हणजे मांत्रिक करीत, आणि उपद्रवी गड्याला जागच्या जागी भस्म करण्याचा अधिकार त्यांना मिळे. थोडक्यात, वाड्यातल्या आजोबांची काठी. याच बार्टलने १९९६ साली खेळाडूंची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली: मिळवणारे चौकट, धुंडाळणारे इस्पिक, गप्पा मारणारे बदाम आणि दुसऱ्याला छळण्यातच मौज मानणारे किलवर. ज्याने कधी चार मुले एकत्र सांभाळली आहेत त्याला ही वाटणी पटायला वेळ लागणार नाही.

मांत्रिकाची काठी मूठभरांना पुरते. माणसे वाढली की ज्याची त्याने वही ठेवावी लागते. अशी वही मला पहिल्यांदा भेटली ती बुद्धिबळात. १९९२ च्या जानेवारीत अमेरिकेत इंटरनेटवरचा बुद्धिबळाचा सर्व्हर सुरू झाला. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठाचे प्राध्यापक डॅनियल स्लेटर यांनी त्याची सूत्रे घेतली आणि १९९५ साली त्यावर वर्गणी बसवली, तेव्हा रागावलेल्या काही स्वयंसेवकांनी त्याच वर्षी आपला वेगळा, फुकट सर्व्हर थाटला. तो वाद येथे नको. मला कौतुक वाटते ते तेथील तीन याद्यांचे. पहिली ‘नोटिफाय’: तिच्यात नाव घातले की ती व्यक्ती आत येताच आपल्याला वर्दी मिळे. दुसरी ‘नोप्ले’: तिच्यात नाव घातले की त्या माणसाला आपल्याशी डाव मांडता येत नसे. आणि तिसरी ‘सेन्सॉर’: तिच्यातल्या माणसाचा शब्दच आपल्यापर्यंत पोचत नसे. बट्टी, कट्टी आणि कानात बोटे! बालमानसाचा इतका नेमका अभ्यास कोण्या शिक्षणशास्त्रज्ञानेही केला नसेल.

आता माझा हिशेब. १९९८ साली ठाण्याच्या आमच्या घरी इंटरनेट आले आणि रात्री दहानंतर मी अशाच एका सर्व्हरवर खेळू लागलो. माझ्या यादीत एक अर्जेंटिनाचा निवृत्त शिक्षक होता. आमच्या रात्रीचे दहा म्हणजे त्याच्या दुपारचे दीड. जेवण आटोपून तो बसलेला असे. माझ्यापेक्षा खूप चांगला खेळायचा आणि डाव संपला की माझी कोठे चूक झाली ते मोडक्या इंग्रजीत समजावून सांगायचा. परंतु इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येई, आणि आमचा टेलिफोन एकच. त्याला स्वयंपाकघरात जोडलेले दुसरे उपकरण होते. कोणी ते उचलले की मोडेम किंचाळून गप्प व्हायचा आणि मी पटावरून अंतर्धान पावायचो. असे तीनदा झाले, आणि दैवदुर्विलास असा की तिन्ही वेळा मी हरत होतो. तिसऱ्या वेळी तर माझा एक हत्ती कमी होता. अर्धवट राहिलेला डाव पुन्हा पुरा करण्यासाठी सर्व्हर जपून ठेवतो. पण हरू लागले की तार तोडून पळणाऱ्यांचा तेथे सुळसुळाट होता आणि ‘नोप्ले’ यादी लोक मुख्यतः त्यांच्यासाठीच वापरीत. दुसऱ्या रात्री मी त्याला डावाचे आमंत्रण धाडले. उत्तर यंत्राने दिले: त्याच्या ‘नोप्ले’ यादीत तुमचे नाव आहे. खुलासा करावा म्हणून निरोप टंकला. पुन्हा यंत्र: तो तुमचे बोलणे ऐकत नाही.

पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने रडीचा डाव खेळल्याचा ठपका घेऊन झोपायला जावे, ही गोष्ट हसण्यासारखी आहे खरी. मला त्या रात्री हसू आले नाही. भांडण तरी करता आले पाहिजे होते. यादीत नाव असते. कारण नसते, आणि उलट बाजू मांडायला फटही नसते.

या यादीचे दुसरे वैगुण्य त्याआधीच उघडकीला आले होते. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९० साली ‘लॅम्डामू’ नावाचे एक अक्षरांचेच जग उघडले होते. तेथे ‘गॅग’ नावाची आज्ञा होती; कोणाचे बोलणे नकोसे झाले की तिने त्याचे तोंड आपल्यापुरते बंद करता येई. १९९३ साली ‘मिस्टर बंगल’ हे नाव घेतलेल्या एकाने त्या जगाच्या दिवाणखान्यात, भर समुदायात, इतरांच्या पात्रांची अत्यंत किळसवाणी विटंबना केली. त्याच वर्षी डिसेंबरात ज्युलियन डिबेल या लेखकाने ‘व्हिलेज व्हॉइस’ या पत्रात ती कहाणी छापली आणि ती गाजली. काहींचे म्हणणे पडले, त्रास होतो तर ‘गॅग’ करा आणि पुढे चला. परंतु आपण कान झाकले म्हणून दुसऱ्यांना ऐकू यायचे थांबते थोडेच? ज्या बाईची विटंबना झाली तिने डोळे मिटावे आणि बाकीच्यांनी पाहत राहावे, हा कोणता न्याय? अखेर एका मांत्रिकाने त्याचे पात्रच पुसून टाकले. आणि थोड्याच दिवसांत ‘डॉक्टर जेस्ट’ या नावाचा नवा पाहुणा आला. तो तोच, हे तेथील मंडळींनी त्याच्या ढंगावरून ओळखले. नाव पुसले, माणूस राहिला.

खासगी वही अशी अपुरी पडली, तेव्हा चव्हाट्यावर फळा लावण्याचा प्रयोग झाला. १९९७ च्या सप्टेंबरात ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ निघाला आणि पाहता पाहता त्याच्या रानावनांत वाटमारी बोकाळली. १९९८ साली चालकांनी नवी तजवीज केली. निरपराध्याचे नाव निळ्या अक्षरांत, किरकोळ गुन्हेगाराचे करड्या, आणि खुन्याचे तांबड्या. मला यातली एक बारीक गोष्ट फार मोलाची वाटते: खून झाला की फिर्याद नोंदवायची की नाही, हे मेलेल्यालाच विचारीत! पाच फिर्यादी भरल्या की नाव तांबडे. त्यातली एकेक फिर्याद ठरावीक तास खेळल्यावर पुसली जाई. क्षमाही होती आणि तिला मुदतही. आता मनुष्यस्वभाव पाहा: तांबड्या नावाची मंडळी आपले पात्र एखाद्या सुरक्षित कोपऱ्यात उभे करून, संगणक चालू ठेवून, खुशाल झोपी जात. सकाळी उठावे तो पाप तितके हलके झालेले. कर्मकांडाचा हा मार्ग शोधायला टेक्सासमधल्या त्या कारागिरांनी कोणालाही शिकवले नव्हते.

१९९९ च्या मार्चात ‘एव्हरक्वेस्ट’ आला आणि २००४ च्या नोव्हेंबरात ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. हे खेळ लाखोंचे, पण त्या लाखोंची वाटणी वेगवेगळ्या सर्व्हरांवर केलेली. म्हणजे शहर मोठे असले तरी आपला वाडा ठरलेला. एव्हरक्वेस्टमध्ये सहा जणांची टोळी जमवल्याशिवाय पान हलत नसे, म्हणून नावाला किंमत होती. मित्रांची यादी आणि दुर्लक्षितांची यादी, दोन्ही खेळातच होत्या. परंतु नुसत्या नावाने भागत नाही. सहा महिन्यांनी हा मनुष्य आपण कशासाठी टाकला होता, हेच आठवत नाही. म्हणून वॉरक्राफ्टच्या खेळाडूंनी स्वतः जोडकाम करून पुरवण्या तयार केल्या. ‘सीटी प्लेअरनोट्स’ ही त्यांतली एक: मित्र, दुर्लक्षित आणि आपल्या संघातली मंडळी, यांच्या नावापुढे आपल्या हाताने टाचण लिहायचे. ‘लुटीच्या वाटणीत हात मारतो.’ ‘औषधोपचार उत्तम, सोबत न्यावा.’ यादीत नव्हते ते कारण आता आले! किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीत नावापुढे बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेले असते, तशातली ही टाचणे.

या वह्या २००९ च्या डिसेंबरात एका फटक्यात निकामी झाल्या. चालकांनी सोय केली ती चांगल्या हेतूने: बटण दाबा, यंत्र निरनिराळ्या सर्व्हरांवरून पाच गडी गोळा करील, तासन्‌तास हाका मारीत फिरायला नको. सोय झाली यात शंका नाही. पण ज्याच्याशी अर्धा तास खेळलो तो पुन्हा जन्मात भेटण्याचा संभव उरला नाही. मग त्याच्याशी चांगले वागण्याचे कारण काय, आणि त्याचे नाव टिपून ठेवण्याचे तरी प्रयोजन काय? रेल्वेच्या डब्यात खिडकीपाशी भांडणारी माणसे आपल्या आळीत अशी भांडत नाहीत. एरिक फ्रीडमन आणि पॉल रेझ्निक या दोघा अभ्यासकांनी २००१ सालीच दाखवून दिले होते की, जेथे नाव स्वस्त असते तेथे प्रत्येक नवागताकडे संशयाने पाहावे लागते, आणि त्या संशयाची किंमत निरपराध नवागत भरतो.

आणि यंत्राने स्वतःच कट्टी पाळायची म्हटले तर काय होते, तेही २०१६ साली दिसले. मे महिन्यात ‘ओव्हरवॉच’ हा खेळ निघाला. त्यात ‘या खेळाडूला टाळा’ अशी सोय होती. टाळले की यंत्र शक्यतो त्याची गाठ घालून देत नसे. महिन्याभरात एका खेळाडूची तक्रार आली, की मला डाव मिळायला फार वेळ लागतो. चौकशी केली तो काय! तो लांबून नेम धरणाऱ्या एका पात्राचा जगातल्या उत्तम खेळाडूंपैकी एक निघाला. वागणुकीत खोट नव्हती. त्याच्याशी हरायचा कंटाळा येऊन शेकडो लोकांनी त्याला टाळले होते. खेळाचे प्रमुख जेफ कॅप्लन यांनी ही हकीकत जाहीर केली आणि ती सोयच काढून टाकली. २०१८ साली ती परत आली, पण जपून: फक्त आपल्या बाजूला नको म्हणून सांगायचे, आणि तेही सुरुवातीला एका वेळी दोघांनाच. त्याच वर्षी डाव संपल्यावर दुसऱ्याला शाबासकी देण्याची सोयही आली. दोन जागांची कट्टी मला आवडली. तिसऱ्याशी भांडायचे तर आधी पहिल्याला माफ करणे आले.

त्या अर्जेंटिनाच्या मास्तराने मला ठेवले ती जागा मात्र ऐसपैस असावी. तेथे माझ्यासारखे पुष्कळ जण असतील. चार महिने गेले. एका रात्री माझ्याशी खेळणारा एक पोलिश विद्यार्थी सहज बोलून गेला की तो त्या मास्तरांकडे अंतरचाली शिकतो. मी टंकले, ‘त्यांना सांग, मी पळालो नव्हतो. आमच्याकडे टेलिफोन एक आहे आणि माणसे पाच.’ तो ‘बरं’ म्हणाला आणि निघून गेला.

आठवड्याने मी आत शिरलो तो पडद्यावर वर्दी आली: मास्तर आले आहेत. त्यांचे नाव माझ्या ‘नोटिफाय’ यादीतून मी काढलेच नव्हते. पाठोपाठ त्यांचा निरोप आला. त्यांच्याकडेही मुली मोठ्या होत्या आणि टेलिफोन एकच होता. मग काहीएक न बोलता त्यांनी तो एप्रिलमधला अर्धा राहिलेला डाव पुढे मांडला. पटावर सगळे जेथल्या तेथे होते, माझा हत्ती कमी होता आणि चाल माझी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन त्या उपकरणाची तार काढून ठेवली आणि खेळायला बसलो. अकराव्या चालीला हरलो.