‘आते काय व्हई?’ : एका प्रश्नाचा इतिहास

‘काहीतरी इतिहासावर लिहा,’ असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला. सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास चेअरमनसाहेबांनी बोअरवेलपासून लिफ्टपर्यंत सविस्तर लिहिला आहे. तो मी पुन्हा लिहीत नाही. या पंचवीस वर्षांत आपल्याच इमारतींतल्या काही घरांत कॅन्सर येऊन गेला, हे आपण सगळे जाणतो. त्या आजाराबद्दलच्या एका प्रश्नाचा इतिहास मी लिहितो. मी डॉक्टर नाही. छत्तीस वर्षे बँकेत खातेवह्या पाहिल्या, त्यामुळे मला जे समजले ते हिशेबाच्या भाषेत समजले, आणि तसेच सांगणार आहे.

हा प्रश्न मी पहिल्यांदा १९७४ साली ऐकला. तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. साक्री तालुक्यातल्या माझ्या मोठ्या काकांच्या गालात जखम झाली, ती भरेना. तंबाखूची सवय जुनी. धुळ्याहून चाळीसगावची पॅसेंजर आणि तिथून मुंबईची गाडी, असे करत आम्ही त्यांना मुंबईला नेले. तपासण्या झाल्यावर काकांनी विचारले, ‘‘डाक्टर, आते काय व्हई?’’ डॉक्टरांना अहिराणी येत नव्हती, पण प्रश्न कळला. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला हळूच सांगितले, ‘‘सहा महिने धरा.’’ घरच्यांनी त्या हिशेबाने बैलजोडी विकली. काका चौदा महिने जगले. शेवटच्या पेरणीला ते बांधावर बसून उसन्या बैलांची औतं बघत होते.

डॉक्टर चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्या हातात तेव्हा तीनच गोष्टी होत्या : गाठ किती मोठी, ती गळ्यातल्या ग्रंथींपर्यंत पोचली का, आणि काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो. या तिसऱ्या गोष्टीची परंपरा आपल्या महाराष्ट्रात फार मोठी आहे.

सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडले. खान्देशात आजही कॅन्सर झाला असे कोणी म्हणत नाही, ‘टाटाला नेलं’ एवढे म्हणतात आणि ऐकणारा समजतो. तिथली प्रयोगशाळा सुरुवातीपासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि बघायचे, हे त्यांचे शास्त्र. त्यांनी १९४४ साली मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तंबाखू-सुपारीचा धोका त्यांनी तेव्हाच मांडला होता. आमच्या काकांपर्यंत तो तीस वर्षांनीही पोचला नव्हता.

खानोलकरांच्याच हाताखाली पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे, तयार झाल्या. १९४९ साली पीएच.डी. झाल्यावर त्या अमेरिकेत जाऊन पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या. परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ते रुजवले. त्यांचा भर स्तनाच्या कॅन्सरवर होता. पेशी दिसते कशी एवढेच बघून न थांबता ती आतून वागते कशी हे शोधायचे, ही वाट आपल्याकडे त्यांच्यासारख्यांनी पाडली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

आता ‘आतून वागते कशी’ म्हणजे काय, ते बँकेच्या भाषेत सांगतो. आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत जनुकांचे तेच ते पुस्तक असते. डोळ्याच्या पेशीत वेगळे, यकृताच्या पेशीत वेगळे, असे नाही. हेड ऑफिसकडून आलेले नियमांचे पुस्तक जसे प्रत्येक शाखेत सारखेच असते, तसे. पण यावलच्या शाखेत केळीच्या पीककर्जाची पाने रोज उघडली जातात आणि परकीय चलनाच्या पानांना धूळ बसते. मुंबईच्या शाखेत त्याच्या उलट. पेशीचेही तसेच. मूळ पुस्तक तिजोरीत राहते. ज्या पानाचे काम निघेल त्याची एक नक्कल बाहेर येते, तिला आर.एन.ए. म्हणतात. हे झाले व्हाउचर. व्हाउचरवरून काउंटरला रोकड दिली जाते, ती म्हणजे प्रथिने. कोणत्या पानाची किती व्हाउचरे फाटली हे मोजणे म्हणजेच जनुकांची अभिव्यक्ती मोजणे. इन्स्पेक्शनला गेलो की मी शाखेची इमारत बघत नसे, व्हाउचरे बघत असे. बाहेरून दोन शाखा सारख्या दिसत, पण कोणती बुडणार हे व्हाउचरे सांगत.

सूक्ष्मदर्शक इमारत दाखवतो. व्हाउचरे एकेक करून मोजणे पूर्वीही जमत होते. हजारो एकाच वेळी मोजणे मात्र जमत नव्हते. १९९५ साली अमेरिकेत स्टॅनफर्डला पॅट्रिक ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी काचेच्या पट्टीवर जनुकांचे ठिपके बसवले. पेशीतल्या व्हाउचरांच्या नकला चमकणाऱ्या रंगात बुडवून त्यावर सोडल्या की प्रत्येक नक्कल आपापल्या ठिपक्याला चिकटते. ठिपका जितका उजळ, तितका व्यवहार जास्त. पहिला प्रयोग मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा वनस्पतीच्या फक्त ४५ जनुकांवर होता. चारच वर्षांत, १९९९ साली, टॉड गोलुब यांच्या गटाने रक्ताच्या कॅन्सरच्या ३८ रुग्णांचे ६,८१७ जनुकांचे आकडे घेतले आणि त्यांतल्या ५० जनुकांवरून दोन प्रकार वेगळे करून दाखवले. लेडी मेहेरबाईंना ज्या आजाराने नेले, त्याच घराण्यातला हा आजार.

पण काकांचा प्रश्न प्रकाराचा नव्हता, पुढे काय होईल याचा होता. त्याला हात घातला ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी. त्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या ७८ तरुण स्त्रियांच्या, शस्त्रक्रियेनंतर जपून ठेवलेल्या गाठी बाहेर काढल्या. काखेतल्या ग्रंथींपर्यंत रोग कोणाचाच गेलेला नव्हता. म्हणजे कागदावर सगळ्या सारख्याच. तरी पाच वर्षांच्या आत ३४ जणींचा रोग इतरत्र पसरला होता, ४४ जणींचा नव्हता. २००२ साली त्यांनी ७० जनुकांची अशी यादी दिली की तिच्यावरून हे दोन गट बऱ्याच अंशी वेगळे ओळखता येत होते.

२००४ साली अमेरिकेतून २१ जनुकांची चाचणी आली. १६ जनुके कॅन्सरशी संबंधित, ५ नुसती तुलनेसाठी. शून्य ते शंभर असे गुण मिळतात. कमी गुण म्हणजे रोग उलटण्याचा धोका कमी. तिची परीक्षा १९८० च्या दशकातल्या ६६८ स्त्रियांच्या मेणात ठेवलेल्या तुकड्यांवर झाली. त्या स्त्रियांचे पुढे काय झाले हे नोंदीत होतेच. जुनी व्हाउचरे कोणी रद्दीत घातली नाहीत म्हणून हे शक्य झाले.

आता घरची गोष्ट. २००७ साली आमच्या सौ.ला स्तनाचा कॅन्सर निघाला, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. गाठ लहान, काखेत काही नाही, हार्मोनला दाद देणारा प्रकार. ऑपरेशननंतर सहा केमो झाल्या. त्या काळात बी विंगमधून रोज संध्याकाळी डबा येत होता. गणपतीच्या आरतीला ती डोक्याला रुमाल बांधून आली तेव्हा बायकांनी काही न विचारता तिला पुढे उभे केले, ते आम्ही विसरलेलो नाही. ती आज बरी आहे. पण पायाची बोटे तेव्हापासून बधिर आहेत. चप्पल पायात आहे की नाही, हे तिला खाली बघून कळते.

२०१८ साली एका फार मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. दहा हजारांहून जास्त स्त्रिया, आजार साधारण आमच्या घरातल्यासारखाच. ज्यांचे गुण मधले आले अशा ६,७११ जणींपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे करून केमो दिली आणि निम्म्यांना फक्त हार्मोनच्या गोळ्या. नऊ वर्षांनी आजार न उलटता ठीक असलेल्या स्त्रिया एका गटात ८४.३ टक्के, दुसऱ्यात ८३.३ टक्के. म्हणजे जवळपास सारखेच. पन्नाशीच्या आतल्या काही जणींना केमोचा थोडा फायदा दिसला आणि जास्त गुणवाल्यांना ती लागतेच. पण बाकी पुष्कळ जणींची केमो वाचू शकते.

ही बातमी मी सौ.ला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘‘म्हणजे मला लागत नव्हती का?’’ मला उत्तर देता आले नाही. तिच्या डॉक्टरांनी त्या दिवशी हाताशी होते त्यावरून योग्य तेच केले, यात मला शंका नाही.

हिशेब म्हटला की चूकही आली. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली जाहीर केले की कोणत्या रुग्णाला कोणते औषध लागू पडेल हे जनुकांच्या आकड्यांवरून सांगता येते. त्यावर रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी आकडे पुन्हा मांडून पाहिले, तर जनुकांची यादी चक्क एका ओळीने खाली सरकलेली! काही ठिकाणी ‘औषध लागू पडते’ आणि ‘पडत नाही’ या खुणाच उलट्या. २०१० मध्ये त्या चाचण्या बंद झाल्या आणि २०११ मध्ये तो शोधनिबंध मागे घेतला गेला. एका ओळीने चुकलेली पोस्टिंग शोधत मी रात्री दहा-दहापर्यंत शाखेत बसलो आहे. तिथे ताळेबंद जुळत नसे एवढेच. इथे रुग्ण होते.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम झाले आहे. टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या ॲक्ट्रेक या केंद्रात डॉ. नीलम शिरसाट यांच्या गटाने लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या कॅन्सरवर काम केले. त्याचे चार गट आहेत. त्यातल्या ‘विंट’ नावाच्या गटातली शंभरातली नव्वदाहून अधिक मुले नेहमीच्या उपचारांनी वाचतात, बाकीच्या गटांचे तसे नाही. हे चार गट मेणातल्या साध्या तुकड्यावरून, १२ जनुके आणि ९ मायक्रो-आर.एन.ए. मोजून ओळखण्याची पद्धत त्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली.

पुढे टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी विचार केला की ‘विंट’ गटातल्या मुलांना संपूर्ण मेंदू आणि मणक्याला रेडिएशन न देता फक्त गाठीच्या जागी देऊन भागेल का? वाढत्या वयात त्या रेडिएशनची किंमत मोठी असते. पण काही मुलांत आजार दुसरीकडे उलटला. त्यांनी तो अभ्यास थांबवला आणि २०२२ साली निकाल जसाच्या तसा छापला. मला यातून एक समजले. ‘नव्वद टक्के वाचतात’ हा अंदाज त्या उपचारासकट होता. उपचार काढून घेतला तर अंदाजही गेला. आता रेडिएशन बंद न करता कमी करून बघण्याकडे कल आहे.

परदेशी चाचण्यांची किंमत आजही लाखांत जाते. बेंगळुरूला डॉ. मंजिरी बाकरे यांच्या कंपनीने पाच प्रथिने बघून धोका सांगणारी स्वस्त चाचणी काढली. व्हाउचरऐवजी काउंटरवरची रोकड मोजायची, असे म्हणा ना.

लेख संपवताना सभासदांना एक सांगतो. कोणाच्या घरी ही वेळ आलीच, तर ‘ही चाचणी आमच्या प्रकाराला लागू आहे का’ एवढे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा. सगळ्यांना ती लागू नसते. आणि मेणातला तुकडा, ज्याला लॅबवाले ‘ब्लॉक’ म्हणतात, तो कुठे आहे, किती वर्षे ठेवतात, हे विचारून फाइलला लिहून ठेवा. ठेवीची पावती जपता तसा त्याचा नंबर जपा. आम्ही २००७ साली तो विचारला नव्हता.

काकांच्या प्रश्नाला आजही कोणी पक्की तारीख सांगू शकत नाही, आणि सांगितली तरी बैलजोडी विकायची घाई करू नये. पण काय केले नाही तरी चालेल, हे आता काही जणांना आधी कळते. रौप्यमहोत्सवाच्या दिवशी समई लावायचा मान कार्यकारिणीने आमच्या सौ.ला दिला आहे. स्टेजच्या पायऱ्यांवर जरा उजेड ठेवा म्हणजे झाले, तिला पाऊल बघून टाकावे लागते.