पाणमांजरांचा हरवलेला वारसा

इ. स. १७४१ मध्यें व्हायटस बेरिंग याचें रशियन जहाज कामचाट्काजवळच्या एका निर्जन बेटाला लागून निकामी झालें. उपासमार टाळण्यासाठीं खलाशांनीं समुद्रांतील पाणमांजरें मारून खाल्लीं आणि पुढल्या वर्षीं त्यांचीं कातडीं घेऊन ते परतले. त्या कातड्यांनींच या प्राण्यावर संकट आणलें.

देवमासा किंवा सील यांच्यासारखा चरबीचा जाड थर पाणमांजराच्या अंगीं नसतो. थंडीपासून त्याचें रक्षण होतें तें दाट लोकरीमुळें. निसर्गानें दिलेलें हें कवचच त्याच्या जिवावर उठलें. रशियन, इंग्रज व अमेरिकन व्यापाऱ्यांनीं शिकारीचा सपाटा लावला. चीनमध्यें कातड्यांना मोठा भाव येई. १९११ सालीं रशिया, जपान, ब्रिटन व अमेरिका यांनीं करारानें ही शिकार थांबविली, तेव्हां लाखांहून अधिक प्राण्यांपैकीं २,००० देखील उरले नव्हते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर १९३८ सालीं सुमारें ५० पाणमांजरें आढळलीं. आज तेथें सुमारें ३,००० आहेत, आणि तीं त्या मूठभरांचीच संतति होय. परंतु प्राचीन वसाहतींच्या उकिरड्यांतील हाडांशीं आजच्या प्राण्यांची तुलना करतां असें दिसलें कीं, पूर्वजांमधील आनुवंशिक विविधता वंशजांत बरीच घटली आहे. रोगाची सांथ आली किंवा समुद्र तापला, तर निदान कांहींजण तगावेत, ही तरतूद त्या विविधतेंतच असते. संख्या शंभर वर्षांत वाढूं शकते. गेलेली विविधता पुन्हा निर्माण होण्यास मात्र असंख्य पिढ्या लागतात.