उसन्या गाद्या आणि खालच्या आजी

भाड्याच्या वन बीएचकेत मी सबवूफर आणला, त्याच रात्री खालच्या मजल्यावरच्या आजी जिना चढून वर आल्या. भांडायला नाही. "बाळा, तुझ्या सिनेमातलं बोलणं येत नाही खाली, नुसती धडधड येते. मला वाटलं, माझ्याच छातीत काही होतंय," एवढंच म्हणाल्या. दोन महिन्यांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. उरलेला सिनेमा मी आवाज बंद करून, सबटायटल्स वाचत पाहिला.

खरं सांगायचं तर सिनेमातलं बोलणं मलाही धड ऐकू येत नव्हतं.

ही तक्रार जुनी आहे. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठात फॉग कला संग्रहालयाचं व्याख्यानगृह नवंकोरं होतं, पण प्राध्यापक काय बोलतात ते मुलांना कळेना. तोंडातून निघालेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा आणि तोवर पुढची दोन वाक्यं त्याच्यावर येऊन आदळायची. हे निस्तरायचं काम आलं वॉलेस सॅबाइन या सत्ताविशीतल्या पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाकडे. ध्वनी हा काही त्याचा विषय नव्हता.

सॅबाइन मध्यरात्री कामाला लागायचा, कारण दिवसा ट्रामचा खडखडाट. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि जवळच्या सँडर्स थिएटरातून उसन्या आणलेल्या खुर्च्यांच्या गाद्या, एवढं त्याचं सामान. नळी वाजवून थांबवायची, आवाज पूर्ण विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. आणखी गाद्या मांडायच्या, पुन्हा मोजायचं. सकाळच्या आत गाद्या परत. शेवटी जमिनीपासून भिंतीपर्यंत गाद्याच गाद्या झाल्या, तेव्हा साडेपाच सेकंदांचं घुमणं सव्वा सेकंदाच्या आत आलं. मधेच त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचे कपडेही आवाज शोषतात. मग आधीच्या कित्येक नोंदी रद्द करून तो रोज तेच कपडे घालून बसू लागला. (त्याच्या घरच्यांचं यावर काय मत होतं, कोण जाणे.)

त्यातून निघालेलं सूत्र साधं आहे. खोली जितकी मोठी तितकं घुमणं जास्त, शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितकं ते कमी. 1900 साली उघडलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल याच हिशोबावर उभं राहिलं. माझ्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल्स, काचेची सरकती दारं आणि उघड्या भिंती. आईकडून दोन सतरंज्या आणल्या, जाड पडदे लावले, टीव्हीसमोरच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी केली. संवाद त्याच दिवशी स्वच्छ झाले.

धडधड मात्र तशीच.

एके काळी ही धडधड फ्लॅटमध्ये शिरूच शकत नव्हती. खर्जाचा आवाज हवा असेल तर कपाटाएवढा स्पीकर लागायचा. 1954 साली एडगर विल्चर आणि त्याचा विद्यार्थी हेन्री क्लॉस यांनी केंब्रिजमध्ये (अमेरिकेतल्या) एक छोटी, हवाबंद पेटी विकायला काढली. स्पीकरचा पडदा ताठ कडेवर ताणून बसवण्याऐवजी त्यांनी तो सैल सोडला आणि पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम दिलं. पहिल्या नमुन्याची ती सैल कड विल्चरच्या बायकोनं, रोझमेरीनं, गादीच्या खोळीच्या कापडातून बेतली होती. पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून खोल खर्ज येऊ लागला. ही सोय होती, आणि शेजाऱ्यांच्या कटकटीची सुरुवातही.

चित्रपटगृहांना हा धडा 1974 साली मिळाला. 'अर्थक्वेक' या सिनेमासाठी 'सेन्सराउंड' नावाची यंत्रणा आली. प्रचंड स्पीकरांतून इतका खालचा आवाज सोडायचा की भूकंप अंगाला जाणवावा. मग शेजारच्या पडद्यावर दुसराच सिनेमा बघणारे लोक तक्रार करू लागले. तरीही पुढे घरगुती 5.1 आलं, आणि त्यातला दशांशचिन्हानंतरचा तो एक खास याच गडगडाटासाठी राखून ठेवला गेला.

इथे सॅबाइनच्या गाद्या कामाला येत नाहीत. 40 हर्ट्झच्या ध्वनीची एक लाट साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे माझ्या हॉलपेक्षा मोठी. चार बोटं जाडीची गादी तिला काय अडवणार? ती स्लॅब हलवते, आणि तो स्लॅब म्हणजे आजींचं छत.

मी सबवूफर कोपऱ्यातून बाहेर काढला, कारण कोपरा खर्ज फुगवतो. जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचं. जिथे खर्ज सगळ्यांत एकसारखा ऐकू येईल तिथे तो ठेवायचा. रांगून झालं. खाली जाड रबर घातलं, त्यामुळे जमिनीत थेट उतरणारी थरथर कमी झाली. हवेतून जाणारी जातेच, म्हणून आवाज उतरवला आणि रात्रीसाठी नाइट मोड लावला. त्यात कुजबुज आणि स्फोट यांच्यातलं अंतर कमी होतं. स्फोट जरा मिळमिळीत वाटतो.

मग मित्राला वर बसवून तोच प्रसंग लावायला सांगितला आणि मी आजींच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. त्यांनी चहा टाकला. वर कुठेतरी पूल कोसळत होता. आजींनी मनगटावर बोटं ठेवली, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "येतंय अजून. पण आता त्याचं कुठलं आणि माझं कुठलं, ते कळतंय."