हौशी संग्राहक आणि पुरातत्त्वीय पुरावा : तेर येथील लामतुरे संग्रह

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधनाच्या जडणघडणीत हौशी अभ्यासकांचा वाटा मोठा आहे. ७ जुलै १९१० रोजी पुणे येथे स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण होय. मात्र मंडळाचे संस्थापक वि. का. राजवाडे यांचा भर प्रामुख्याने कागदपत्रांवर होता; जमिनीतून निघणाऱ्या वस्तूंचा प्रश्न वेगळा आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे ‘पेरिप्लस’मधील तगर, येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावपरिसरात सापडणाऱ्या मृण्मूर्ती, मणी, नाणी व हस्तिदंती वस्तू जतन केल्या. त्यांच्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्यातील हस्तिदंती स्त्रीप्रतिमेचे साम्य इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पॉम्पेई येथील प्रतिमेशी दाखविले जाते. तथापि अशी वस्तू कोणत्या थरातून आली याची नोंद नसल्यास तिचा काळ केवळ शैलीवरून ठरवावा लागतो.

१९७२ चा पुरावशेषविषयक केंद्रीय कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला व नोंदणी बंधनकारक झाली. परंतु वस्तू हाती आल्यानंतरच्या नोंदणीने हरवलेला थर परत मिळत नाही. सारांश, लामतुरे यांच्यासारख्यांनी वस्तू वाचविल्या. वस्तू सापडताक्षणी स्थळ व खोली टिपण्याची शिस्त गावोगावच्या संग्राहकांपर्यंत पोहोचविणे हे महाविद्यालयीन इतिहास विभागांचे कार्य ठरते.