पन्हळ

पन्हळ (पु., स्त्री.; पन्हाळ) : छपरावरचे पावसाचे पाणी गोळा करून भिंतीपासून दूर सोडणारा उघडा नळ. संस्कृत ‘प्रणाल’वरून. शिवलिंगाच्या शाळुंकेतून अभिषेकाचे पाणी ज्या वाटेने बाहेर पडते तिलाही शिल्पग्रंथांत प्रणालच म्हणतात.

वळचण, पागोळी आणि पन्हळ हे शब्द हल्ली सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ते योग्य नाही. भिंतीबाहेर आलेली छपराची कड ती वळचण, तिच्यावरून पडणाऱ्या धारा त्या पागोळ्या आणि पाणी अंगावर घेऊन एका तोंडाने सोडते ती पन्हळ. ‘वळचणीचे पाणी आढ्याला जाणे’ या म्हणण्यातली उलटी गती हा फरक ठाऊक असला तरच कळते.

वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या घरांत पन्हळीवर घराचे आयुष्य अवलंबून असे. धाबे म्हणजे तुळयांवर लाकडे-काटक्या अंथरून वर मातीचा जाड थर दिलेले सपाट छप्पर. त्याला किंचित उतार देऊन उताराच्या टोकाला, भिंतीच्या माथ्यातून पन्हळ बाहेर काढतात. ती पुरेशी पुढे आलेली हवी. आखूड राहिली की पाणी मातीच्या भिंतीवरूनच ओघळते, पाया भिजतो आणि भिंत पोट काढते. तोंडाशी पाला-माती अडली तरी धाब्यावर पाणी तुंबून घर गळू लागते. म्हणून मृगाआधी धाबे नीट करताना पन्हळ साफ करायचीच. पूर्वी ती कोरलेल्या लाकडाची किंवा दगडाची असे, पुढे पत्र्याची आली. कवेलूंच्या घरांत दोन पाखी जिथे मिळतात त्या खाचेतही पन्हळ बसवतात. नालीदार पत्र्याला ‘पन्हळी पत्रा’ हे नाव त्याच्या आकारावरून पडले.

पन्हळीचे पाणी कोणाच्या जागेत पडावे, यावरून शेजाऱ्यांत वाद जुनेच आहेत. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यातही वळचणीच्या पाण्याचे उदाहरण आहे : शेजारच्या जमिनीवर ते सोडण्याचा हक्क असला, तरी तिच्यावरचा भार वाढेल अशी वळचण पुढे काढता येत नाही.

स्लॅबच्या घरांत पन्हळीची जागा प्लास्टिकच्या पाइपाने घेतली आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 50 चौरस मीटरच्या छतावर 800 मिलिमीटर पावसात 40,000 लिटर पडते. हे पाणी रस्त्यावर सोडू नये. पहिल्या सरीचे जाऊ द्यावे. पुढचे गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात उतरवावे.