चालत मागितलेली जमीन आणि आमचा धुरा



या पानावर मी एरवी पऱ्हाटीवरची बोंडअळी, तुरीचा मर, नाहीतर पावसाच्या नोंदी लिहितो. आज जुनी गोष्ट लिहितो. जरा लांबेल, पण गोष्ट वावराचीच आहे आणि शेवटी आमच्या धुऱ्यावर येऊन थांबते.

जानेवारीत आमची तूर सोंगणी चालू होती. रस्त्याच्या कडेला दहा-बारा सायकलवाले थांबले. शहरातली पोरं-पोरी. नागपूरहून निघून चार दिवसांत मेळघाटाच्या डोंगरापर्यंत जाणार होते. या प्रवासाच्या नावानं ओळखीपाळखीच्या लोकांकडून पैसे जमवायचे आणि ते एका आदिवासी शाळेला द्यायचे, असा त्यांचा बेत. मी पाणी पाजलं, हरभऱ्याचे घाटे दिले. त्यातली एक पोरगी म्हणाली, "काका, पूर्वी कोणी असं फिरायचं का?"

मी म्हटलं, "पोरी, पवनार इथून वीस किलोमीटर. तिथून एक माणूस निघाला आणि दुसऱ्यांसाठी जमीन मागत तेरा वर्षं पायी फिरला."

तिनं लगेच विचारलं, "मग त्या जमिनीचं काय झालं?"

मला नीट उत्तर देता आलं नाही. ते लोक गेले, पण प्रश्न माझ्याजवळच राहिला. म्हणून जे वाचलं आणि घरी जे ऐकलं ते लिहितो.

आधी सायकलचं सांगतो. तीही आपल्या जिल्ह्याला नवी नाही. बाबा आमटे हिंगणघाटचे. डिसेंबर १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली. सोबत ११६ तरुण-तरुणी, सायकलीवर. अंतर पाच हजार किलोमीटरच्या वर. बाबांना पाठीच्या मणक्याचा एवढा त्रास की बसताही येत नव्हतं, म्हणून ते गाडीत पडून प्रवास करत. मी तेव्हा शाळेत होतो. त्या यात्रेत मागणं होतं ते देश एक राहू द्या एवढंच. विनोबांनी मागितली ती जमीन, आणि शेतकऱ्याकडून जमीन मागणं किती अवघड ते आपल्याला सांगायला नको.

विनोबा मूळचे कोकणातले, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५ चा. १९५०-५१ मध्ये ते पवनारला धाम नदीकाठच्या आश्रमात होते. तिथं त्यांचे दोन प्रयोग चालू होते. एक कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाशिवाय जगायचं. दुसरा ऋषी-शेतीचा, म्हणजे बैल न लावता नुसत्या हातांनी शेती करायची. कुदळ-फावड्यानं विहीर खोदणं, भाजीपाला पिकवणं हे सगळे आश्रमवाले स्वतः करत. अशात हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन ठरलं. पैसा वापरायचा नाही म्हटल्यावर रेल्वेचं तिकीट कुठून काढणार? मार्च १९५१ मध्ये ते पायीच निघाले. साधारण तीनशे मैल, एक महिना. वय पंचावन्न, म्हणजे आज माझं आहे तेवढं, आणि त्यात पोटाचं जुनं दुखणं. खाणं म्हणजे दूध-दही, असलंच काही.

तेलंगणात तेव्हा आग पेटलेली होती. जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांचा हत्यारबंद लढा चालू होता. दिवसा पोलीस, रात्री लढेवाले, मधल्यामध्ये गावकरी. संमेलन संपल्यावर विनोबा त्या भागात चालत शिरले. १८ एप्रिल १९५१ ला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीला पोचले. तिथल्या ४० दलित कुटुंबांनी सांगितलं की आम्हाला कसायला जमीन नाही. किती पाहिजे विचारलं तर ८० एकर म्हणाले, निम्मी कोरडवाहू, निम्मी ओलिताची. घरटी दोनच एकर. जास्त मागितली नाही हो त्यांनी. विनोबांनी गावकऱ्यांनाच विचारलं, तुमच्यातलं कोणी देईल का? वेदिरे रामचंद्र रेड्डी उठले आणि म्हणाले, मी १०० एकर देतो.

तिथून भूदान सुरू झालं. योजना नव्हती, कचेरी नव्हती. तेलंगणातच ५१ दिवसांत सुमारे १२ हजार एकर मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात पवनारहून दिल्लीला पायी निघाले, दोन महिन्यांनी पोचले. पुढं उत्तर प्रदेश. बिहारात तर सव्वादोन वर्षं राहिले. मागणं सोपं होतं. तुमच्या घरात पाच पोरं असतील तर मला सहावा समजा, माझा हिस्सा द्या. देशातल्या जमिनीचा सहावा हिस्सा, म्हणजे पाच कोटी एकर, असा त्यांचा हिशेब.

चालण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. पहाटे अंधारातच कंदील घेऊन निघायचं. दहा-बारा मैल चालून सकाळी पुढचं गाव गाठायचं. मुक्काम शाळेत नाहीतर एखाद्या मांडवात. संध्याकाळी प्रार्थना आणि सभा. मग दानपत्रं भरली जायची: नाव, गाव, सर्व्हे नंबर, किती एकर, खाली सही नाहीतर अंगठा. गुंठाभर देणाऱ्याचंही दानपत्र घेतलं जायचं. नुसत्या जमिनीनं भागत नाही हे लवकरच ध्यानात आलं. जमीन मिळाली पण बैल नाही, वखर नाही, पाणी नाही, तर गडी काय करील? मग साधनदान आलं, विहिरीसाठी कूपदान आलं, पैशासाठी संपत्तिदान आलं.

१९५५ च्या पावसाळ्यात ते ओडिशातल्या कोरापूटच्या डोंगरात होते. आदिवासी मुलूख, नाले भरलेले, पायवाटा चिखलाच्या. तिथं शेकडो गावांनी ग्रामदान केलं, म्हणजे सगळ्या गावाची जमीन गावाच्या नावानं करायची. विनोबा पुढं निघून गेले, पण आपले अण्णासाहेब सहस्रबुद्धे तिथं कामाला राहिले. वाटलेली जमीन पिकवायची कशी, हे काम त्यांनी हाती घेतलं. हे नाव लक्षात ठेवा. चालणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, मागं राहणाऱ्याचं फार थोड्यांना.

एप्रिल १९६४ मध्ये विनोबा पवनारला परत आले. तेरा वर्षं झाली होती.

आता त्या पोरीचा प्रश्न. जमिनीचं काय झालं?

देशभरात दानपत्रांवर सुमारे ४२ लाख एकर जमीन आली. पाच कोटींपुढं थोडी, पण नुसतं मागून एवढी जमीन मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. मात्र यातली निम्मीही वाटली गेली नाही. कुठं जमीन खडकाळ, कुठं नदीच्या पात्रातली, कुठं जंगलाची. कुठं देणाऱ्याच्या नावावरच नव्हती, कुठं भावाभावांचा वाद चालू होता. कुठं बाप देऊन गेला आणि पोरांनी ताबा दिला नाही. बिहारात दानपत्रांवर २० लाखांहून जास्त एकर होती, छाननीत त्यातला फार थोडा हिस्सा उरला.

पुढची गोष्ट तर मला जास्त बोलकी वाटते. १९६५ पासून बिहारात ग्रामदानाचं तुफान सुरू झालं. विनोबांचं वय झालं होतं, ते मोटारीनं फिरले. नियमही सोपे केले: भूमिहीनाला विसावा हिस्सा, म्हणजे बिघ्याला एक कट्टा, आणि मालकी ग्रामसभेची. सह्या भराभर झाल्या. १९६९ मध्ये अख्ख्या बिहारचं दान झालं असं जाहीर झालं. १९७० मध्ये जयप्रकाश नारायण मुजफ्फरपूर जिल्ह्यातल्या मुसहरी भागात गेले. तिथल्या सर्वोदय कार्यकर्त्यांना नक्षलवाद्यांच्या धमक्या आल्या होत्या. जयप्रकाशजी तिथं मुक्कामच ठोकून राहिले, घरोघर फिरले, आणि बरंचसं ग्रामदान कागदावरच राहिलं हे त्यांना दिसलं. त्यांनी ते लपवलं नाही, उघड लिहिलं. माझ्या मते हेही मोठंच काम.

म्हणजे चालणारा माणूस समोर उभा राहतो तेव्हा देणाऱ्याच्या मनात काहीतरी हलतं, हे खरं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुढच्या गावाला निघून जातो. मग जमीन मोजायला, ताबा द्यायला, फेरफार करायला कोण येतो? जिथं कोणी आलं तिथं जमीन पिकली. जिथं आलं नाही तिथं दानपत्र पेटीत राहिलं.

आता आमच्या घरचं सांगतो. हे सांगायला जरा जड जातं.

माझ्या आजोबांनी त्या काळात भूदानात दीड एकर दिली. विनोबा आमच्या गावी आले नव्हते, कार्यकर्ते आले होते. आजोबांचा आमच्या घरी फार मान. पण मोठा झाल्यावर मला समजलं की त्यांनी दिली ती नाल्याकाठची बरड. काळी कसदार जमीन घरात ठेवली. ज्या घराला ती मिळाली त्यांनी दोन पिढ्या दगड वेचले, नाल्याकडून बांध घातला, बंड्या भरभरून गाळ आणून टाकला. आज तिथं तूर चांगली येते. काही वर्षं तर आमच्याहून चांगली.

त्या जमिनीची मोजणी कधी झालीच नव्हती. मधला धुरा मातीचा. माझ्या वडिलांच्या काळापासून वखर फिरवताना दरवर्षी एखादं तास पलीकडं जायचं. ट्रॅक्टर आल्यावर तर काही विचारूच नका. मीही तेच केलं. मुद्दाम केलं का? नाही म्हणवत नाही. ठाऊक होतं आणि थांबलो नाही.

सायकलवाले येऊन गेले त्याच आठवड्यात त्या घरचा नातू धुऱ्यावर भेटला. मला म्हणाला, "काकाजी, हा धुरा आधी त्या बाभळीच्या पलीकडं होता नं?" आवाज चढवला नाही, साधं विचारलं. मी म्हटलं, "हो, होता."

मग मीच मोजणीचा अर्ज केला, फी भरली. मे महिन्यात मोजणी झाली. त्यांचे अकरा गुंठे आमच्याकडं निघाले. साठ गुंठ्यांतले अकरा! घरात बोलाचाली झाली. पोरगा म्हणाला, इतक्या वर्षांची वहिवाट आहे, कशाला उकरून काढता? मी म्हटलं, तुझ्या पणज्यानं दिलेली आहे, मी फक्त पोचवतो आहे. आता हद्दीचे दगड रोवले आहेत. नातवानं चहा पाजला. आम्ही दोघंही फार बोललो नाही.

मंडळी, तुमच्याही गावात भूदानाची जमीन असेल. सातबारा काढून बघा. अशी जमीन वारसानं चालते, पण कायद्यानं विकता येत नाही. म्हणून कोणी स्वस्तात देतो म्हटलं तर घेऊ नका, आणि ज्याची आहे त्यानं वारसाची नोंद वेळेवर करून घ्या. शेजारी भूदानवाला असेल तर धुरा एकदा दोघांनी मिळून बघा. मृग लागायच्या आत बघितलेलं बरं, पेरणी झाली की कोणी दगड शोधत नाही.

त्या पोरीचा नंबर मी घेतला नव्हता, नाहीतर कळवलं असतं. पुढच्या थंडीत ते सायकलवाले पुन्हा आले तर त्यांना विचारणार आहे, तुम्ही पैसे दिले त्या शाळेत परत जाऊन आलात का? गेले असतील तर घाटे माझ्याकडून. नसतील गेले तरी घाटे देईनच, पण विचारीन जरूर.

पाऊस अजून नाही. बियाणं आणून ठेवलं आहे. राम राम.