भीतीचें मोजमाप

1935 सालच्या अखेरीस वर्ध्यास महात्मा गांधींचा रक्तदाब फार वाढला होता. पाऱ्याच्या यंत्रावर तो आंकड्यांनीं वाचतां आला. शरीराच्या विकाराला असें माप सांपडतें. परंतु ज्याची छाती एकाएकीं धडधडते, श्वास कोंडतो, आणि तपासणीअंतीं ज्याचें हृदय निर्दोष ठरतें, त्याच्या मनांतील विचार कोणत्या यंत्रानें मोजावा?

या प्रश्नाचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेंतील यादवी युद्धांत अशा सैनिकांची तपासणी करून जेकब दा कोस्टा या वैद्यानें 1871 सालीं आपलीं निरीक्षणें प्रसिद्ध केलीं आणि त्या विकाराला ‘चिडखोर हृदय’ असें नांव दिलें. त्याच सालीं बर्लिनच्या वेस्टफाल यांनीं मोकळा चौक ओलांडतांना भयानें थिजणाऱ्या रुग्णांचें वर्णन केलें. एकाची दृष्टि काळजाच्या ठोक्यांवर, तर दुसऱ्याची रस्त्यावर. 1980 सालीं अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणांत ‘पॅनिक डिसऑर्डर’ हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला गेला.

पुढें 1986 मध्यें ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनीं या भयाचें चक्र उलगडलें. जिना चढल्यानें छाती धडधडते; ‘हा हृदयविकाराचा झटका आहे’ असा विचार येतो; त्या विचारानें भय वाढतें आणि भयानें धडधड आणखी वाढते. म्हणजे विस्तवावर तेल ओततो तो रोग नव्हे, तर धडधडीचा लावलेला चुकीचा अर्थ होय.

अर्थ मोजावयाचा तर तो रुग्णालाच विचारला पाहिजे. 1984 सालीं डायन चॅम्बलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं 14 विचारांची एक प्रश्नावली सिद्ध केली. ‘मी गुदमरून मरेन’, ‘मला वेड लागेल’ असे विचार भीतीच्या वेळीं किती वेळां येतात, याला रुग्णानें 1 ते 5 गुण द्यावयाचे. जोडीला शरीरांतील 17 संवेदनांची दुसरी यादी होती. 1986 मध्यें राइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं 16 वाक्यांचें आणखी एक माप केलें. त्यांत कमाल गुण 64.

या आंकड्यांचा उपयोग कोणता? 1994 सालीं क्लार्क यांच्या चमूनें तीन उपचारांची तुलना केली. उपचार संपतेवेळीं चुकीच्या समजुती ज्यांच्या मनांत अधिक उरल्या होत्या, त्यांची पुढील प्रकृति तितकी चांगली राहिली नाहीं. झटके थांबले म्हणजे भय गेलें असें नव्हे. मूळ उरलें कीं अंकुर पुन्हां फुटतो. हें मूळ दाखविण्यासाठीं प्रश्नावली हवी.

मात्र परक्या भाषेंतील वाक्य शब्दशः उतरवून काम भागत नाहीं. मराठी माणसाचें भय देहाच्या भाषेंत बोलतें. त्याच्या पोटांत गोळा येतो, हातपाय गळतात, काळजाचें पाणी होतें. यांतील कोणती तक्रार देहाची आणि कोणता शब्द केवळ भीतीचा, हें न ओळखणारा आंकडा फसवा ठरेल. म्हणून वाक्यें मराठींत आणून पुन्हां मूळ भाषेंत उलटवून ताडून पाहतात व नंतर रुग्णांवर पारखतात. आणि हृदयाची तपासणी आधीं झालीच पाहिजे. खरा रोग ‘मनाचा खेळ’ म्हणून टाळणें हाहि अन्यायच.

वर्ध्याला समजुतीचें सामर्थ्य ठाऊक आहे. 1936 सालीं मनोहर दिवाण यांनीं दत्तपूर येथें कुष्ठरुग्णांची सेवा आरंभिली, तेव्हां त्यांना व्रणांइतकेंच लोकांच्या समजुतींशीं झगडावें लागलें. तेथें भय दुसऱ्याच्या देहाचें होतें. येथें तें स्वतःच्याच देहाचें असतें. 1969 पासून सेवाग्रामांत वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं घाबऱ्या जीवानें येणाऱ्या खेडुताचें हृदय यंत्रानें तपासलें जातें. त्याबरोबरच ‘तुम्हांला नेमकें काय होईल असें वाटतें?’ हा प्रश्नहि त्याला आपुलकीनें विचारला गेला पाहिजे. भीतीचें नांव उच्चारतां आलें कीं तिला तोंड देणें सुरू होतें.